सासरेबुवांचा रुपेरी चंद्र

माझं लग्न एका चंद्रामुळे झालं. चंद्राच्या साक्षीने वगैरे नव्हे. मुहूर्त भर दुपारचा होता आणि मांडवात उकाडा असा, की भटजींच्या मुठीतल्या अक्षतांचा भात झाला. चंद्राचा संबंध त्याच्या नऊ दिवस आधीचा.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी न्यू जर्सीत, एडिसनला राहत होतो आणि लग्नासाठी तीन आठवड्यांची रजा काढून घरी आलो होतो. अमेरिकेतल्या मुलाने अशी रजा काढली, की त्याचं विमान उतरायच्या आत आईची यादी तयार असायची. माझ्या यादीत सतरा मुली होत्या. आठव्या घरापासून मला जिन्यातूनच वासावरून सांगता यायला लागलं, की पोह्यांत दाणे आहेत की नाहीत. अकरावं घर कऱ्हाडजवळच्या एका गावातलं. मुलीचे वडील हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर.

मुलगी पोहे घेऊन आली, तिने माझ्या रुंद टायकडे पाहिलं आणि हसू दाबलं. मी तिथेच पसंत केली. तिला मी पसंत होतो की नाही, हे विचारायचं तेव्हापासून राहूनच गेलंय.

मास्तरांनी मात्र पगार विचारला नाही, पत्रिका विचारली नाही. माझ्या हातातली बशी काढून घेतली आणि मला भिंतीसमोर नेऊन उभं केलं. भिंतीवर खिडकीएवढं चित्र होतं, त्यांनी स्वतः पोस्टर कलरमध्ये काढलेलं. रात्रीचा समुद्र. उजवीकडे एक डोंगर, त्याच्या तोंडातून आग उसळतेय आणि अर्धं आकाश लाल झालंय. डावीकडे ढगांतून पूर्ण चंद्र वर आलेला, थंडगार, रुपेरी-निळा. पाण्याचा निम्मा भाग पेटलेला, निम्मा चांदण्याचा, आणि मधोमध एका होडीत पांढऱ्या सदऱ्यातला कोळी, हात वर करून उभा.

मूळ चित्र दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजाचं. मास्तरांनी ते आयुष्यात एकदाच, एका जुन्या पुस्तकात पाहिलं होतं आणि तेही काळ्या-पांढऱ्या छपाईत, पोस्टकार्डाएवढं. खाली लिहिलं होतं, 'इटलीतील ज्वालामुखी, रात्रीचा देखावा', आणि पुढे अमेरिकेतल्या एका म्युझियमचं नाव. त्या राखाडी चौकोनावरून मास्तरांनी सगळे रंग मनाने ठरवले आणि पुढची तीस वर्षं पोरांना तेच शिकवले. एका चित्रात दोन उजेड, एक ऊन आणि एक गार. त्यांच्या वर्गात काळ्या रंगाला बंदी होती. रात्र काळी नसते, काळी रंगवेल त्याला छडी, असा नियम होता.

हे ठीक चाललं होतं. मग एका वर्षी ड्रॉइंगच्या परीक्षेत रात्रीचा देखावा आला आणि मास्तरांच्या बेचाळीस पोरांनी बेचाळीस रुपेरी चंद्र काढले. परीक्षकाने सगळ्यांचे मार्क कापले. शेरा मारला, की आगीशेजारचा चंद्र पिवळा दिसतो, शिक्षकास रंगांचे ज्ञान नाही. चार पोरं नापास झाली. एकाचं म्हणे ड्रॉइंग कायमचं सुटलं आणि तो पुढे तलाठी झाला. मास्तरांच्या बोलण्यात तलाठी हा शब्द असा यायचा, जणू पोरगा विहिरीत पडला.

हे सगळं सांगून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही तिकडेच असता. हे चित्र पाहिलंय?"

आता त्या म्युझियमला मी गेलो होतो, हे खोटं नाही. पायऱ्यांसमोरच्या गाडीवर मोहरी लावलेलं प्रेत्झेल खाल्लं होतं. आत जायला तिकीट होतं. पण दाराच्या फटीतून मुलगी बघत होती आणि माझ्या तोंडाला ब्रेक नव्हते. मी म्हटलं, पाहिलंय म्हणजे काय, दोनदा पाहिलंय.

"चंद्र कसा आहे?"

प्रश्न त्यांच्यासाठी साधा नव्हता, ते मला तेव्हाही जाणवलं. मी भिंतीवरच्या चंद्राकडे पाहिलं आणि म्हणालो, "रुपेरी. थोडी निळसर झाक. हुबेहूब हाच."

मास्तरांनी बशी परत माझ्या हातात दिली. मग आत बघून म्हणाले, साखर आणा.

इथपर्यंत माझी काही चूक झाली असं मला वाटत नाही. सहा गावांना जायचा पेट्रोलचा खर्च वाचला.

सात वर्षांनी सासरेबुवा निवृत्त झाले आणि सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. एअरपोर्टवर त्यांच्या बॅगेआधी एक लांब पंच्याची गुंडाळी बाहेर आली. मला वाटलं लाटणं असेल. तो चंद्र होता. चौकटीतून काढून, सुरळी करून आणलेला. मला बघताच त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याचं टोक जिभेला लावलं आणि माझ्या चष्म्याची काच पुसली.

ही त्यांची जन्माची सवय. तीस वर्षं पोरांच्या कागदावरचे डाग, फळ्याच्या कडा, देवांच्या तसबिरींवरचा फोडणीचा धूर, सगळं ते त्या रुमालाच्या ओल्या टोकाने साफ करत आले होते. पाण्याने रंग फुटतो, थुंकीने नुसता मळ निघतो, असं त्यांचं शास्त्र होतं. आठवडाभरात आमचा टीव्ही, टोस्टर आणि गाडीचे चारही आरसे असे लखलखले, की हायवेवर मागचे लोक डोळ्यांवर हात धरून गाडी चालवायला लागले.

आणि आठव्या दिवशी, चहा पिताना, ते म्हणाले, "मग कधी जायचं चित्राला?"

म्युझियम आमच्यापासून गाडीने दीड तास. मी ते दीड महिना लांबवलं. आधी म्हटलं सोमवारी बंद असतं. मग म्हटलं मंगळवारी फक्त शाळांच्या सहली. मग त्यांचं छप्पर गळायला लागलं. मग चित्र हवापालटासाठी जपानला गेलं. ते परत येताना बोटीत अडकलं होतं, तेवढ्यात माझ्या बायकोने म्युझियमला सरळ फोन केला. फोन ठेवून ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मी उगाच उठून आधीच रिकामा असलेला डिशवॉशर रिकामा करायला लागलो.

"छप्पर धड आहे," ती म्हणाली. "चित्र भिंतीवर आहे. गेली चाळीस वर्षं हललेलं नाही."

मी आधी एकटाच जाऊन चंद्र बघून आलो असतो, तर निदान तयारी करता आली असती. पण आपण थाप मारलीय हे माहीत असणं वेगळं आणि गाडी काढून तिची खात्री करून घेणं वेगळं. चंद्र रुपेरी निघाला तर ठीक. नाही निघाला तर सात वर्षांचा संसार कशावर उभा आहे, ते सगळ्यांना कळणार होतं. आणि सासरेबुवांच्या बेचाळीस पोरांचं काय, हा विचार मी करतच नव्हतो. तो विचार सासरेबुवाच करत होते, रात्रंदिवस, न बोलता.

शनिवारी सकाळी निघालो. सासरेबुवांनी कोट घातला, टोपी घातली आणि पायांत मी घेऊन दिलेले पांढरे स्नीकर्स. मांडीवर सुरळी. मी स्टेशन वॅगन चालवत होतो, बायको मागे पुऱ्या-भाजीचा डबा धरून. दीड तास ते एकटेच बोलत होते. त्या काळी म्हणे श्रीमंत इंग्रजांची पोरं शिक्षण संपलं की इटली बघायला जायची आणि ज्वालामुखी पेटलेला दिसला, की घरी दाखवायला त्याचं चित्र हवंच. आपण महाबळेश्वरहून चप्पल आणि जॅम आणतो तसं. मग चित्रकारांनी रात्रीच्या ज्वालामुखीचा धंदाच मांडला. एकीकडे आग, एकीकडे चंद्र, खाली पाणी. गिऱ्हाईक घाबरलं पाहिजे, पण पैसे काढायला हात मोकळा राहिला पाहिजे. काढायची रात्र, पण बसायचं भर दुपारी, खिडकीचे पडदे ओढून आणि मेणबत्ती लावून. "म्हणजे त्यानेसुद्धा निम्मं मनानेच रंगवलं," सासरेबुवा म्हणाले. "मग माझं का चुकावं?"

मी स्पीड लिमिटच्या खाली गाडी चालवणारा न्यू जर्सीतला त्या दिवशीचा एकमेव माणूस होतो.

चित्र दुसऱ्या मजल्यावर, शेवटच्या दालनात होतं. सासरेबुवा दारातच थांबले. टोपी काढली, परत घातली. मग पुढे गेले. मी त्यांच्या मागून, देवळात चप्पल घालून शिरल्यासारखा.

चित्र आमच्या गॅरेजच्या दाराएवढं. डोंगर तोच, आग तीच, होडी तीच, हात वर केलेला कोळीही तोच. आणि ढगांतून वर आलेला चंद्र पिवळा होता.

थोडाथोडका पिवळा नाही. हळदीच्या दुधासारखा पिवळा. त्याच्यापेक्षा पिवळा चंद्र मी आजपर्यंत पाहिलेला नाही आणि मी एकदा कोजागिरीला काविळीत होतो.

सासरेबुवांनी सुरळी उलगडली, दोन्ही हातांत धरली आणि एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. मग ती नीट गुंडाळली आणि दालनाच्या मधल्या बाकावर जाऊन बसले. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.  मग स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले, "म्हणजे पोरांचे मार्क बरोबर कापले."

बायको त्यांच्याशेजारी बसली. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. तिला पोह्यांच्या दिवशीचं सगळं आठवत होतं. दाराच्या फटीत तीच तर होती.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी समजावायला लागलो. म्हटलं, मी पाहिलं तेव्हा रुपेरी होता, म्हणजे रात्री पाहिलं होतं, म्हणजे ट्यूबलाइट वेगळे होते, आणि इथे अमेरिकेत हवेत सल्फर फार, त्याने चांदीसुद्धा पिवळी पडते. मी पुढे न्यू जर्सी टर्नपाइक हायवेवरच्या रिफायनऱ्यांकडे वळणार होतो, तेवढ्यात सासरेबुवांनी हात वर केला. मला गप्प करायला नाही. ते बोटाने दाखवत होते.

"त्या कोळ्याचा सदरा बघा."

सदरा पिवळा होता.

"लाटेचा फेस बघा. तोही पिवळा. होडीचं शीड पिवळं. माणूस बुडायला आला तरी त्याचा सदरा पांढराच असणार ना? आगीकडची बाजू लाल दिसेल. पण आगीकडे पाठ असलेली बाजू पिवळी कशाने?" ते उठून उभे राहिले. गुडघे वाजले. "हा रंग नाही. हे वरचं व्हार्निश आहे. दोनशे वर्षांचा धूर बसलाय. अहो, आमच्या स्वयंपाकघरातल्या दत्ताच्या तसबिरीचं हेच झालं होतं."

आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला, टोक जिभेला लावलं आणि चंद्राच्या दिशेने चालायला लागले.

पुढचं सगळं फार झटपट झालं. मी "बाबा" म्हणून ओरडलो की नुसता तोंड उघडून उभा राहिलो, ते आठवत नाही. पण दालनाच्या कोपऱ्यात एक गार्ड होता, ज्याला मी इतका वेळ खांब समजत होतो. तो खांब दोन ढांगांत आला आणि सासरेबुवांच्या आणि चंद्राच्या मध्ये उभा राहिला. रुमालाचं ओलं टोक त्याच्या युनिफॉर्मच्या बिल्ल्यावर टेकलं. सासरेबुवांचा हात सवयीने दोनदा फिरला. बिल्ला चकचकीत झाला.

गार्डने मला विचारलं, हे गृहस्थ काय करतायत. मी अत्यंत हजरजबाबीपणाने सांगितलं, की आमच्या धर्मात महान चित्राला रुमालाने ओवाळायची पद्धत आहे. माझ्या बायकोने माझ्यापेक्षा स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की नाही, ते चित्र थुंकी लावून पुसणार होते. गार्डने कमरेचा वायरलेस काढला.

मला वाटलं आता पोलीस येणार, सासरेबुवांचा व्हिसा जाणार, माझं ग्रीन कार्ड जाणार आणि उरलेला जन्म मी कऱ्हाडला तलाठी म्हणून काढणार. आली ती एक मध्यमवयीन, किडकिडीत बाई, पांढरा एप्रन घातलेली, चष्मा कपाळावर. ती तळघरात जुन्या चित्रांची डागडुजी करायची. तिने गार्डचं ऐकून घेतलं आणि सासरेबुवांना विचारलं, थुंकीच का, पाणी का नाही.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. बायको म्हणाली, "तुम्ही थांबा हो." आणि तिने केलं. सासरेबुवांचं उत्तर ठरलेलं होतं: पाण्याने रंग फुटतो, थुंकीने नुसता मळ निघतो.

बाई हसली नाही. तिने एप्रनच्या खिशातून कापसाचे बोळे लावलेल्या काड्यांची मूठभर जुडी काढून दाखवली. म्हणाली, आम्हीही तेच वापरतो. शाळेत हेच शिकवतात. फक्त कॉफी प्यायल्यावर नाही. आणि थुंकीने वरचा मळ निघतो, व्हार्निश निघत नाही, त्याला वेगळं औषध लागतं. आणि चित्र आधी माझ्या टेबलावर यावं लागतं, असं म्हणून तिने रुमालाकडे जरा कडक बघितलं. सासरेबुवांनी रुमाल खिशात घातला. मास्तराला दुसऱ्या मास्तराचा दम ओळखू येतो.

मग तिची नजर सुरळीवर गेली. सासरेबुवांनी ती उलगडली. बाईने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि विचारलं, तुम्ही मूळ चित्र यापूर्वी कुठे पाहिलं होतं? बायकोने सांगितलं, कधीच नाही. एका पुस्तकात, काळं-पांढरं, एवढंसं.

बाईने गार्डला स्टूल आणायला सांगितलं.

हे चित्र तिच्या साफसफाईच्या यादीत होतं. गेल्या महिन्यात तिने वरच्या डाव्या कोपऱ्यात, चौकटीला लागून, बसच्या तिकिटाएवढा तुकडा व्हार्निश काढून बघितला होता. खालून कुणाला दिसत नव्हता. चंद्राच्या उजेडात उजळलेली ढगाची कड तिथे येत होती. सासरेबुवा स्टुलावर चढले. गार्डने त्यांचा दंड धरला, अगदी आदराने. बाईने टॉर्च लावला.

त्या भल्यामोठ्या पिवळ्या आकाशात तेवढीच एक खिडकी उघडी होती आणि तिच्यातून गार वारा यावा तसा निळा-रुपेरी उजेड येत होता.

 सासरेबुवांनी आपलं चित्र वर केलं आणि त्याचा तोच कोपरा त्या तुकड्याशेजारी धरला, शिवणार नाही इतक्या अंतरावर. बाई टाचा उंचावून बघत होती. ती म्हणाली, तुमचा निळा थोडा जास्त झालाय. बायकोने भाषांतर केलं. सासरेबुवा स्टुलावरूनच म्हणाले, "बाटलीत तेवढाच होता म्हणावं." मग त्यांनी डोळ्यांना लावायला रुमाल काढला, गार्ड दचकला, आणि रुमाल परत खिशात गेला.

पार्किंगमध्ये पुऱ्या-भाजी खाल्ली. मी तीन पुऱ्या जास्त खाल्ल्या. चंद्र रुपेरी निघाला होता. मी सात वर्षांपूर्वी बोललो ते अक्षर न अक्षर खरं ठरलं होतं, आणि हे मी परतीच्या वाटेवर दोनदा सांगितलं. म्हटलं, बघा बाबा, मी म्हणालोच होतो, हुबेहूब.

सासरेबुवा खिडकीतून बाहेर बघत होते. अगदी शांतपणे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही ते चित्र पाहिलं नव्हतंत."

मी म्हटलं, असं कसं?

"पाहिलं असतंत तर पिवळा म्हणाला असतात."

पुढचे वीस मैल मी इतकी सरळ गाडी चालवली, की लायसन्सच्या परीक्षेतही चालवली नव्हती. मग मीच विचारलं, आणि पिवळा म्हणालो असतो तर?

"तर मुलगी दिली नसती. पिवळा म्हणणारा माणूस मी घरात कसा घेणार?" त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे खोटं बोललात म्हणून लग्न झालं तुमचं."

मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "बाबा, अजून वेळ गेलेली नाही."

ते दोघं पुढे बराच वेळ हसत होते. मी हसण्यात सामील झालो, पण जरा उशिरा.

घरी आल्यावर सासरेबुवांनी एक एरोग्राम मागून घेतला आणि त्याच्या पोटात, पाठीवर, दुमडायच्या कडांवर बारीक अक्षरात पत्र लिहिलं. मला वाटलं त्या परीक्षकाला असेल. पत्ता वाचला तर तलाठ्याचा होता.

मग माझ्याकडे वळले. म्हणाले, चंद्र तोंडाने रंगवलात, आता हाताने रंगवा. त्यांच्या उरलेल्या मुक्कामात बहुतेक रविवारी दुपारी मला पडदे ओढून डायनिंग टेबलावर बसवायचे आणि रात्रीचा देखावा काढायला लावायचे. मी अकरा काढले. पहिल्यात काळा रंग वापरला म्हणून लाटण्याने हातावर मार खाल्ला, चौतिसाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, हप्ते चालू असलेल्या टेबलावर. चौथ्यातला चंद्र बायकोला अंडं वाटला. सातव्यात माझा ज्वालामुखी बरा आला होता, पण कोळी हात वर करून टॅक्सी बोलावतोय असं दोघांचंही मत पडलं.

अकरावा त्यांनी जायच्या आदल्या रविवारी बघितला. हातभर लांब धरून, मग जवळ घेऊन, मग रुमालाच्या टोकाने चंद्रावरचा एक डाग पुसून. खाली लाल पेन्सिलीने मार्क दिले, दहापैकी चार.

मी विचारलं, चारच?

"त्यातले दोन जावई म्हणून," ते म्हणाले, आणि आपला चंद्र पुन्हा पंच्यात गुंडाळायला लागले.